ईममध्ये एक दिवस: प्लेगच्या साथीत वेशीच्या आत थांबलेलं गाव कसं पाहावं

'उंदीर पडले, की गाव उठायचं.' माझ्या आजीने तिच्या आईकडून ऐकलेला प्लेग एवढ्या एका वाक्यात मावायचा. घरात उंदीर मरून पडलेला दिसला की भांडीकुंडी गोळा करायची, माळावर झोपड्या बांधायच्या आणि साथ ओसरेपर्यंत गावाकडे फिरकायचं नाही. आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावंच्या गावं अशी वेशीबाहेर राहायला गेली.

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात ईम नावाचं एक गाव आहे. तिथे १६६६ मध्ये लोकांनी नेमकं उलट केलं. प्लेग गावात शिरल्यावर ते वेशीच्या आत थांबले, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. आज दगडी घरं, खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या आणि मागे हिरवा डोंगर, असं हे गाव चित्रासारखं दिसतं. तासाभरात फोटो काढून परत जाता येतं आणि बरेच जण तेच करतात. मला मात्र वाटतं की या गावाला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा अख्खा दिवस द्यावा आणि ते पायी पाहावं. इथली गोष्ट एका इमारतीत मावत नाही. ती घरांच्या दारांवर, शेतांच्या बांधांवर आणि वेशीवरच्या दगडात विखुरलेली आहे. शेफिल्ड-मँचेस्टर भागातली मराठी मंडळी भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन हमखास चॅट्सवर्थचा राजवाडा पाहायला जातात. ईम तिथून जवळच आहे.

जायचं कधी आणि कसं

मे ते सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. दिवस मोठा असतो, पायवाटा बऱ्यापैकी कोरड्या असतात आणि गावातलं छोटं संग्रहालय उघडं असतं. हिवाळ्यात ते बंद असतं. एरवीही आठवड्यात काही वार बंद असू शकतं, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्या. संग्रहालयाशिवाय ईम पाहण्यात निम्मी मजा जाते.

ऑगस्टचा शेवटचा रविवार इथे 'प्लेग संडे' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावाबाहेरच्या दरीत उघड्यावर प्रार्थना होते. त्याच सुमारास गावात विहिरी सजवतात. डर्बीशायरची ही खास रीत आहे. लाकडी फळीवर ओली चिकणमाती थापायची आणि त्यात फुलांच्या पाकळ्या, शेवाळ, पानं, बिया एकेक करून दाबत मोठं चित्र उभं करायचं. दिवाळीत दारात तासन्‌तास बसून फुलांची रांगोळी काढलेल्या कुणालाही या कामाची किंमत लगेच कळेल. गर्दीची तयारी असेल तर हाच आठवडा निवडा. शांतपणे पाहायचं असेल तर जूनमधला मधला एखादा वार बरा.

गाडी असेल तर प्रश्नच नाही. हॉकहिल रोडवर संग्रहालयासमोर वाहनतळ आहे आणि तिथेच स्वच्छतागृहही. सुट्टीच्या दिवशी साडेदहाच्या आत पोहोचा, नाहीतर जागेसाठी अरुंद गल्ल्यांतून फेऱ्या माराव्या लागतील.

रेल्वेने जायचं तर लंडनहून शेफिल्डला साधारण दोन तास लागतात. पुढे दोन पर्याय आहेत. शेफिल्डहून बक्स्टनच्या दिशेने जाणाऱ्या काही बस थेट ईम गावातून जातात. वयस्कर माणसं सोबत असतील तर हाच मार्ग घ्या. चालायची हौस असेल तर मँचेस्टर-शेफिल्ड मार्गावरची, सगळीकडे थांबणारी गाडी पकडून ग्रिंडलफर्डला उतरा. शेफिल्डकडून येताना टॉटलीचा साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. तो संपतो न संपतो तोच ग्रिंडलफर्ड स्टेशन येतं आणि शहराच्या जागी एकदम झाडी दिसते. खंडाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर होतो तसाच आनंद. तिथून ईम साधारण चार किलोमीटर, पण वाट चढाची आहे. तासभर धरून चाला.

परतीची शेवटची बस कितीची, हे सकाळीच कागदावर लिहून ठेवा. संध्याकाळी आणि रविवारी बस फार कमी असतात आणि दरीत मोबाइलची रेंज जाते.

पायात पकड असलेले बूट हवेत, कारण पाऊस पडून गेला की शेतातल्या वाटा निसरड्या होतात. ऊन असलं तरी पावसाचं जाकीट बरोबर ठेवा. खाण्याचं म्हणाल तर आम्ही दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेतो. आई-बाबांची जेवणाची वेळ चुकत नाही आणि गवतावर बसून खाण्यात सुख आहे.

सुरुवात संग्रहालयापासूनच

आधी घरं बघू, मग संग्रहालय, असं करू नका. गोष्ट माहीत नसताना ती घरं फक्त सुंदर दिसतात. गोष्ट कळल्यावर त्याच दारासमोरून पाय हलत नाही.

संग्रहालय एका जुन्या प्रार्थनागृहात आहे. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण असतो तिथे धातूचा उंदीर बसवलेला आहे. मुलांना तो आधी शोधायला सांगा. आत दीड तास तरी लागतो. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच:

१६६५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनहून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. लंडनमध्ये तेव्हा प्लेगने कहर केला होता. कापड दमट होतं, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या त्याच्या मदतनिसाने ते विस्तवासमोर पसरून वाळवलं. कापडात पिसवा होत्या. ७ सप्टेंबर १६६५ रोजी व्हिकर्स दगावला. वर्ष संपेपर्यंत गावात ४२ माणसं गेली. थंडीत साथ मंदावली, लोकांना वाटलं सुटलो, आणि १६६६ च्या जूनमध्ये ती दुप्पट जोराने उसळली.

तेव्हा गावचे धर्मगुरू होते विल्यम मॉम्पेसन, वय अठ्ठाविशीच्या आसपास, नव्यानेच आलेले. गावाचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. लोकांचा जीव होता आधीच्या धर्मगुरूंवर, थॉमस स्टॅनली यांच्यावर. १६६२ च्या कायद्याने ठरवलेली प्रार्थनापद्धती न मानल्यामुळे स्टॅनलींना पद गमवावं लागलं होतं. दोघांची मतं विरुद्ध टोकांची. तरी दोघं एकत्र लोकांसमोर उभे राहिले आणि तीन गोष्टी ठरल्या. मेलेल्यांना चर्चच्या आवारात न आणता ज्याच्या त्याच्या घरच्यांनी परसात किंवा शेतात पुरायचं. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या दरीत, एकमेकांपासून अंतर राखून करायची. आणि गावाची वेस कुणी ओलांडायची नाही, आतल्याने नाही आणि बाहेरच्यानेही नाही. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने वेशीवर अन्न पोहोचवायची जबाबदारी घेतली.

ज्यांना परवडत होतं अशी काही श्रीमंत घरं आधीच बाहेर पडली होती, हेही लक्षात असू द्या. मॉम्पेसन यांनी स्वतःची दोन मुलंही आधीच बाहेरगावी पाठवली होती. थांबलेल्यांपैकी पुष्कळांना जायला दुसरी जागाच नव्हती. मला त्यामुळे त्यांचं थांबणं लहान वाटत नाही. जून संपल्यावर, रोज कुणी ना कुणी दगावत असताना, रात्रीच्या अंधारात डोंगर ओलांडणं अवघड नव्हतं.

उंदीर, पिसू आणि प्लेग यांचा संबंध तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हता. तो कळायला आणखी २३० वर्षं जावी लागली आणि त्या शोधाचा शेवट आपल्या उपखंडात आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी जंतू ओळखला. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी पिसवेचा दुवा दाखवून दिला. याच साथीत पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. इथल्या फलकांसमोर उभं राहिलं की मला दर वेळी त्यांची आठवण येते.

मुख्य रस्त्याने पूर्वेकडे

संग्रहालयातून उतरून मुख्य रस्त्याला लागलात की डावीकडे वळा. डाव्या हाताला ईम हॉल लागतो. ही सतराव्या शतकातली, प्लेगनंतर उभी राहिलेली हवेली. समोरच्या हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा जुना लाकडी खोडा आहे. मुलं त्यात पाय घालून फोटो काढतात, काढू द्या. रस्त्याच्या कडेला दगडी कुंड्या दिसतील. गावाला नळाने पाणी पुरवायची इथली व्यवस्था १५८८ ची सांगतात.

थोडं पुढे, चर्चच्या अलीकडे, ओळीने उभी असलेली 'प्लेग कॉटेजेस' येतात. इथे चाल मंद करा. प्रत्येक घरासमोर हिरवी पाटी आहे आणि त्या घरात कोण, कोणत्या तारखेला गेलं ते तिच्यावर लिहिलं आहे. व्हिकर्स ज्या घरात राहायचा ते मेरी कूपरचं घर. त्याच्यामागून पंधरवड्यात, २२ सप्टेंबरला, मेरीचा लहानगा एडवर्ड गेला. मेरी मात्र वाचली. शेजारच्या रोझ कॉटेजमध्ये थॉर्प कुटुंबाची नऊ माणसं राहत होती. नऊच्या नऊ गेली.

पाटी वाचायची तर तारखांसकट मोठ्याने वाचा. आम्ही तसं केलं. दोन नावांमधलं अंतर कधी तीन दिवसांचं, कधी एका रात्रीचं. माझी आई तिसऱ्या घरापाशी म्हणाली, 'पुरे कर आता,' आणि कठड्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली.

या घरांत आजही लोक राहतात. खिडकीला नाक लावू नका, फाटक उघडू नका, कुणाच्या दारात मुलाला उभं करून फोटो काढू नका. पाटी रस्त्यावरून नीट वाचता येते.

चर्च आणि त्याचं आवार

सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात शिरताच आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रूस दिसतो. त्याच्या दांड्याचा एक भाग हरवलेला आहे. जवळच कॅथरीन मॉम्पेसनची कबर आहे. मुलांबरोबर तिला गाव सोडता आलं असतं, तरी ती नवऱ्यासोबत थांबली, आजाऱ्यांकडे जात राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ रोजी गेली. त्या एका महिन्यात गावात ७८ मृत्यू झाले होते.

आत मृतांची यादी आहे, २७३ नावांची. मॉम्पेसन यांनी नोव्हेंबर १६६६ मध्ये लिहिलेल्या पत्रात ७६ घरांतून २५९ माणसं गेल्याचं म्हटलं आहे, म्हणून पुस्तकांत बहुधा २६० हा आकडा दिसतो. त्यांची म्हणून दाखवली जाणारी १६६५ सालची खुर्ची आणि १९८५ मध्ये बसवलेली रंगीत काचेची खिडकी नीट पाहा. खिडकीत एमट सिडल आणि रोलंड टॉर यांची कथा आहे. ती ईमची, तो शेजारच्या स्टोनी मिडलटनचा. लग्न ठरलेलं. वेशीपलीकडून दोघं लांबूनच एकमेकांना बघायचे, असं गावात सांगतात. एप्रिलच्या अखेरीस एमट दिसेनाशी झाली. तो मात्र येत राहिला.

बाहेर भिंतीवर १७७५ चं मोठं सूर्यघड्याळ आहे. ऊन असेल तर तुमच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा आणि उन्हाळ्यात एक तासाचा फरक धरा. आवारात क्रिकेटपटू हॅरी बॅगशॉ यांचीही कबर शोधा. दगडावर उडालेल्या बेल्स आणि वर अंपायरचं उंचावलेलं बोट कोरलेलं आहे. एवढ्या दुःखाच्या नोंदींनंतर माझे वडील त्या कबरीपाशी बराच वेळ रमले.

वेशीवरचा दगड

दिवसातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, हा गाळू नका.

चर्चवरून पुढे चौक लागतो. तिथून लिडगेटच्या गल्लीत शिरून स्टोनी मिडलटनकडे जाणारी पायवाट धरा, खुणेच्या पाट्या आहेत. घरं संपतात आणि वाट दगडी बांधांच्या मधून शेतात येते. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर गवतात एक मोठा, बसका दगड दिसतो. त्याच्या माथ्यावर खळगे आहेत. पैशांतून रोग बाहेर जाऊ नये म्हणून ईमचे लोक या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवत. पलीकडून शेजारगावचे लोक अन्न आणि औषधं ठेवून, नाणी उचलून परत जात.

दगडापाशी बसा. खाली स्टोनी मिडलटन इतकं जवळ दिसतं की तिथल्या घरांची धुराडी मोजता येतील. मला इथे बसल्यावरच ती वेस म्हणजे काय होतं ते समजलं. भिंत नव्हती, पहारा नव्हता. पाच मिनिटांच्या उतारावर निरोगी गाव होतं आणि मध्ये फक्त हा दगड. आपल्याकडे वेशीवर दगडाला शेंदूर लावून गावाचं रक्षण कर म्हणून विनवतात. इथल्या दगडाने शेजारच्या गावाचं रक्षण केलं.

आमच्या दशम्या आम्ही इथेच सोडतो. कचरा परत पिशवीत न्या. खळग्यांत लोक अजून नाणी टाकतात, ती उचलू नका.

जेवण सोबत नसेल तर चौकात परत या. वॉटर लेनवर मायनर्स आर्म्स ही १६३० ची खानावळ आहे. या भागात शिशाच्या खाणी होत्या, नाव त्यावरून आलं. पबमधलं स्वयंपाकघर दुपारी बंद होऊ शकतं, म्हणून दीडच्या आत बसा. शाकाहारी असाल तर मागवण्यापूर्वी सूप आणि रस्सा कशाचा आहे तेवढं विचारा. हलकं खायचं असेल तर चौकातल्या चहाच्या दुकानात स्कोन आणि जॅम घ्या.

दुपार: दरी, विहीर आणि रायली

तिन्ही ठिकाणं एका दुपारी पायी करता येतात, पण वयस्करांना जमणार नाहीत. त्यांना हिरवळीवरच्या बाकावर बसवा आणि तुम्ही जाऊन या.

ककलेट डेल्फ ही गावाच्या दक्षिणेची चुनखडीची दरी. १६६६ च्या उन्हाळ्यात प्रार्थना इथे भरत. नुसत्या पायवाटेवरूनच चाला, बाजूची जमीन खासगी आहे. पावसानंतर खडक घसरडे असतात. मुलांचा हात सोडू नका.

मॉम्पेसनची विहीर उत्तरेला डोंगरावर आहे. वेशीवरच्या दगडासारखाच तिचाही वापर देवाणघेवाणीसाठी होई. चढ चांगलाच आहे आणि वर पाहायला लहानसा झरा तेवढा. गाडी असेल तर परतताना पाच मिनिटं थांबा, नाहीतर सोडून दिलीत तरी चालेल.

रायलीच्या कबरींना मात्र जाच. चौकातून पूर्वेला निघून डावीकडच्या चढाच्या रायली लेनने वर जायचं, साधारण वीस मिनिटं. उघड्या कुरणात गोलसर दगडी कठडा आहे, आत सात कबरींचे दगड. ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा जॉन आणि सहा मुलं गमावली. प्रेताला हात लावायची सोय नव्हती. पायांना कापड बांधून ती एकेकाला ओढत इथवर आणायची आणि एकटी खड्डा खणायची, असं सांगतात. समोरच्या डोंगरावरून शेजारगावच्या लोकांना ती दिसायची. नंतर ती शेफिल्डला, उरलेल्या एका मुलाकडे निघून गेली.

मी दुपारी उशिरा, चारच्या पुढे तिथे पोहोचेन असं बघतो. ऊन तिरकं झालेलं असतं आणि गर्दी पांगलेली असते. कठड्याच्या आत जाताना-येताना फाटक नीट लावा. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात आणि त्या आत शिरतात.

साथीतला शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा. मॉम्पेसन वाचले, पण पुढे नॉटिंगहॅमशायरमधल्या ईक्रिंग गावी त्यांची नेमणूक झाली तेव्हा तिथल्या लोकांना त्यांची इतकी भीती वाटली की काही काळ त्यांना गावाबाहेर झोपडीत राहावं लागलं. संग्रहालयात हे वाचून मी घरी फोनवर आजीला सांगितलं. ती म्हणाली, 'म्हणजे शेवटी त्यालाही माळावर जावंच लागलं.'

रायलीहून चौकापर्यंतची वाट सगळी उताराची आहे. बसच्या वेळेच्या अर्धा तास आधी निघालात तर घाई होत नाही.